ब्रेक लागतो, पण सायकल थांबत नाही

गेल्या खेपेस आम्ही पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याविषयी लिहिले होते. या खेपेचा विषय कौलांहून लहान आहे, परंतु आमच्या मनाला अधिक लागलेला आहे.

दीड वर्षापूर्वी शाळेतील विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या एका विद्यार्थ्याने आपली सायकल मांडली होती. ब्रेकची झिजलेली रबरे काढून त्या जागी त्याने जुन्या स्लिपरचे तुकडे कापून बसविले होते. स्टँडवर फिरणारे चाक ब्रेक दाबताच जागच्या जागी उभे राही. आम्ही सर्वांदेखत त्याची पाठ थोपटली आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर चार वाक्ये बोललोही.

गेल्या वर्षीच्या जुलैत, बेळगावच्या त्या संततधारेत, राजहंसगडाकडील उतारावरून शाळेला येताना त्याने ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. समोर बैलगाडी होती. मनगट मोडले, त्यावर निभावले. दवाखान्यात त्याचे वडील एवढेच म्हणाले, “हेडसर, तुम्ही शाबासकी दिली म्हणून पोरानं नवीन रबर घेऊ दिलं नाही.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे शाळेजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसून आम्ही हा विषय मुळातून समजून घेतला. स्टँडवरचे रिकामे चाक थांबविणे आणि मुलगा, दप्तर व उतार यांसह धावणारी सायकल थांबविणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांस तेव्हाच सुचावयास हवे होते. दुसरे असे की, आपल्याकडील साध्या सायकलींची रिम बहुधा पोलादी व चकचकीत मुलामा दिलेली असते. ती ओली झाली की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो व थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवर हा दोष पुष्कळ कमी असतो. स्लिपरचे रबर तर पोकळ व मऊ. ते कोरड्यात धरते, पाण्यात दबते आणि घसरते.

मग घरी करण्याजोगे काय? पुष्कळ आहे, परंतु ते सारे स्वच्छतेच्या पोटात येते. चुलीची राख वस्त्रगाळ करून ओल्या फडक्याने रिम घासावी, धुवावी व कोरडी पुसावी. राख नसल्यास भांडी घासण्याची पूड चालते. दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूने लागते; वायरच्या ब्रेकचे दोन्ही कडांना. घासावयाचे ते नेमके तेथे. रॉकेलने रिम लखलखते खरी, पण मागे तेलकट अंश राहतो. तेव्हा त्यानंतर साबण हवाच.

रबराचा पृष्ठभाग कालांतराने काचेसारखा गुळगुळीत होतो. ते काढून पॉलिश पेपरवर सपाट घासावे, आत रुतलेले खडे व धातूचे कण सुईने टोकरून काढावेत. नख दाबून पाहावे. नखाची खूण मुळीच उमटत नसेल तर रबर जाड दिसत असले तरी ते वाळून गेले आहे, बदलावे. ब्रेक किंचाळतो म्हणून त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरविणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आवाज थांबतो, हे खरे; सायकल मात्र थांबत नाही! साखळीला तेल देतानाही मागच्या रिमवर कागद धरावा.

चामड्याविषयीही आम्ही विचारले, कारण विलायतेत पोलादी रिमांसाठी चामड्याचा थर असलेली रबरे एकेकाळी विकली जात आणि ती पावसात अधिक धरीत. दुकानदार हसला. “सर, घरी चिकटवलेलं चामडं भर उतारावर सुटलं तर?” तो प्रयोग आम्ही तेथेच सोडला. नवी जोडी घरच्या एका वेळच्या भाजीहून महाग नाही.

पावसात चालविताना वळण वा उतार येण्याच्या बरेच आधी ब्रेक हलकेच टेकवून ठेवावा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते व खरी गरज पडेल तेव्हा रबर धरते. दोन्ही ब्रेक वापरावेत. नुसत्या मागच्यावर विसंबू नये. घरून निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक फिरता कामा नये. मग रिमवर तांब्याभर पाणी ओतून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. ही दुसरी परीक्षा आम्ही त्या प्रदर्शनात घेतली नव्हती.

यंदा शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात पाण्याची बादली ठेवून आम्ही सर्व सायकली तपासल्या. तो मुलगा आता दहावीत आहे. त्याची सायकल आम्ही सर्वांत आधी पाहिली. पुढचे रबर चांगले होते. मागचे अर्धे झिजलेले. दोन तास बुडाले तरी चालेल असे सांगून त्याला लगेच दुकानात पाठविले.