भोवरा

लहानपणी चौसाळ्याला आजी डोकं विंचरायला बसवायची. तेल थापा, पाणी लावा, फणी उलटी फिरवा... डोक्यावरचा भोवरा काही बसायचा नाही. शेवटी म्हणायची, "ऱ्हाऊ दे, त्यो जन्माचाच हाय."

पुढे भौतिकशास्त्र शिकताना हाच भोवरा परत भेटला. क्वांटम सिद्धांतात विद्युत-चुंबकीय क्षेत्र 'पोटेन्शियल'च्या भाषेत लिहितात. एकच क्षेत्र असंख्य तऱ्हांनी लिहिता येतं. त्यातली एक तऱ्हा निवडणं म्हणजे गेज निवडणं. १९३१ साली डिरॅकने चुंबकाच्या एकट्या ध्रुवाचा विचार केला. (असा ध्रुव प्रयोगात अजून खात्रीने सापडलेला नाही.) त्याचं पोटेन्शियल लिहायला गेलं की ध्रुवापासून निघणाऱ्या एका रेषेवर ते अनंत होतं. गेज बदला, रेषा दुसरीकडे जाते. जात मात्र नाही!

वर्गात सांगितलं होतं, "हा नुसता गेजचा दोष, दुर्लक्ष करा." मला हे अर्धंच खरं वाटतं. रेषा कुठे पडते ते आपल्या हातात. पण ती कुठेतरी पडणारच, हे त्या ध्रुवाचं सांगणं आहे. ही रेषा कुठल्याही प्रयोगात दिसता कामा नये, एवढ्याच अटीतून डिरॅकने दाखवलं की असा एक जरी ध्रुव असेल, तर विद्युतभार ठरावीक पटींतच असायला हवा. दुर्लक्ष केलं असतं तर हे हाती लागलं असतं का?

१९७५ मध्ये वू आणि यांग यांनी रेषाच काढून टाकली. एका गेजऐवजी दोन घेतले, वरच्या अर्ध्याला एक, खालच्याला एक, मध्ये थोडे एकमेकांवर चढवले. आता कुठेच काही अनंत होत नाही. पण तो पूर्णांक गेला कुठे? दोघांच्या सांध्यात जाऊन बसला.

अणुकेंद्रातल्या बलांच्या सिद्धांतात तर ध्रुवाशिवायच अडतं. १९७८ मध्ये ग्रिबोव्हने दाखवलं की नेहमीच्या गेजमध्ये एकच क्षेत्र पुन्हापुन्हा मोजलं जातं. सिंगरने त्याच वर्षी दाखवलं की दोष त्या एका गेजचा नाही, सगळीकडे सलग चालेल असा गेजच नाही. १९७९ साली आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, नरसिंहन आणि रामदास यांनी याच अडचणीमागची भूमिती मांडली.

म्हणून दोष दिसला की मी आधी एवढंच विचारतो, हलवल्यावर हा जातो, की नुसता जागा बदलतो? जात असेल तर आपली चूक. नुसता सरकत असेल तर थांबून ऐकावं.

असो. माझे केस आता विरळ झालेत. भोवरा शाबूत आहे.