भिवंडीचे आंधळे रस्ते

भिवंडीच्या रस्त्यांचा विषय निघाला की रुंदीकरण व उड्डाणपूल ह्यांपलीकडे आपल्या पुढाऱ्यांची दृष्टी जात नाही. रस्ता किती रुंद, हे सर्व विचारतात. तो पुढे कोणत्या रस्त्यास मिळतो, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते दुखण्याचे मूळ तेथेच आहे.

जुनी भिवंडी अरुंद खरी; परंतु मंडईकडील एक गल्ली तुंबली तर पादचाऱ्यास दुसरी सापडते. शहराबाहेरील वाढीची तऱ्हा निराळी. मुंबईची जकात वाचावी म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ, दापोडे ह्या गावांतील भातखाचरांवर गोदामे उठली. ज्याचे शेत त्याचा रस्ता, आणि तोही कुंपणापाशी खुंटलेला! शेजारच्या आवारात जावयाचे तरी मालमोटारीने आधी मुख्य रस्त्यावर यावे. मग अंजूरफाट्यावर कोंडी होते म्हणून नवल कसले? जकात 2017 साली गेली. आंधळे रस्ते मात्र राहिले.

हा दोष एकट्या भिवंडीचा नव्हे. बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल ह्या संशोधकांनी जगभरच्या रस्त्यांचे मापन करून 2020 साली दाखविले की, 1975 पासून नव्या वस्त्यांतील रस्ते एकंदरीत अधिकाधिक तुटक होत गेले आहेत. घर पाडून पुन्हा बांधता येते. एकदा पडलेली रस्त्यांची आखणी सहसा बदलत नाही, कारण तिच्या दोहों बाजूंस शंभर मालक उभे असतात.

उपाय नवा शोधावयास नको. मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला, व 1966 च्या कायद्यानेही तीच सोय कायम ठेविली : अनेकांच्या जमिनी एकत्र कराव्या, आधी रस्ते आखावे, मग ज्याचा त्यास भूखंड परत द्यावा. ह्यात शेतकऱ्याची थोडी जमीन जाते, ही तक्रार खोटी नाही. परंतु उरलेल्या जमिनीस रस्ता लाभतो, हेही त्यास कोणी समजावून सांगितले पाहिजे.

भिवंडीभोवतीच्या 51 गावांच्या नियोजनाचा अधिकार 2007 साली एमएमआरडीएकडे गेला. तेथील गोदामांस लागणाऱ्या आगी वाचकांस ठाऊक आहेत. आत जाण्यास एकच तोंड आणि त्यात मालमोटारी अडकलेल्या, अशा जागी बंबाने कसे शिरावे? जेथे अद्याप भात पिकतो तेथे तरी, दोहों टोकांस दुसऱ्या रस्त्यांस मिळणारा रस्ता जमिनीवर आखून झाल्यावाचून पुढील गोदामास परवानगी देऊ नये.