आधी ब्रिज पाहा, मग ड्रायव्हर निवडा

पॉवर सप्लायच्या हाफ-ब्रिजमध्ये वरच्या मॉस्फेटचा गेट कसा चालवायचा, असे विचारले की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते: आयआर२११० लावा. अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत तेच असते, दुरुस्तीच्या टेबलावरही तेच. माझा आक्षेप त्या आयसीवर नाही. ब्रिज न पाहताच उत्तर तयार असते, यावर आहे.

२३० व्होल्टचा मेन्स रेक्टिफाय केला की सुमारे ३२५ व्होल्टची डीसी बस मिळते. खालच्या मॉस्फेटचा सोर्स तिच्या ऋण टोकाला बांधलेला असतो. वरच्याचा सोर्स ब्रिजच्या मधल्या बिंदूवर असतो आणि तो बिंदू प्रत्येक आवर्तनात ० ते ३२५ उडी मारतो. त्या उडत्या सोर्सच्या वर १२ व्होल्ट हवे तेव्हा देणे आणि हवे तेव्हा काढून घेणे, हे वरच्या ड्रायव्हरचे काम.

बूटस्ट्रॅपवाल्यांचे म्हणणे असे: एक डायोड, एक कपॅसिटर, एक आयसी, काम झाले. गुंडाळायचे काही नाही, बाजारात लगेच मिळते. गेट ट्रान्सफॉर्मर आता अडगळीत टाकावा. यातला सोयीचा भाग मला मान्य आहे, अडगळीचा नाही.

बूटस्ट्रॅपचा कपॅसिटर फक्त खालचा मॉस्फेट चालू असताना भरतो. म्हणून सुरुवातीचा पल्स खालच्यालाच द्यावा लागतो. हलक्या लोडवर सप्लाय थांबत-थांबत चालत असेल, तर त्या विरामात कपॅसिटर रिकामा होत जातो. डायोडच्या जागी हाताशी असलेला १एन४००७ लावणारे अनेक आहेत. तो सावकाश बंद होतो आणि भरलेला चार्ज उलटा ओढून घेतो. तिथे यूएफ४००७सारखा जलद डायोडच हवा.

खरा घात मात्र बोर्डावर होतो. वरचा मॉस्फेट बंद झाला की ट्रान्सफॉर्मरचा करंट खालच्या डायोडकडे वळतो. त्या वाटेत नुसत्या तांब्याच्या पट्टीचे २० नॅनोहेन्री धरा आणि १० अँपिअर २० नॅनोसेकंदांत वळले असे समजा: मधला बिंदू जमिनीच्या १० व्होल्ट खाली जातो. आयआर२११०ची तर्कजुळणी नीट चालण्याची हमी उणे ४ व्होल्टपर्यंतच आहे. त्यापलीकडे आयसी गोंधळला, तर दोन्ही मॉस्फेट एकदम चालू होऊन बसच शॉर्ट होऊ शकते. मग दोष मॉस्फेटला दिला जातो, नवी जोडी बसते आणि तीही उडते. मांडणी न बदलता सुटे भाग बदलत राहणे मला फार खटकते, कारण त्यात पैशाबरोबर शिकणाऱ्याचा धीरही खर्च होतो.

दुसरा गैरसमज अँपिअरचा. ‘२ नको, ४ अँपिअरचा ड्रायव्हर घ्या’ असा सल्ला देणाऱ्याने गेटचा रेझिस्टर पाहिलेला नसतो. १२ व्होल्टवर १० ओहम असतील, तर ड्रायव्हर कितीही दांडगा असो, करंट १.२ अँपिअरच्या वर जात नाही. आयआरएफपी४६०चा गेट चार्ज २१० नॅनोकूलोंबपर्यंत असतो. त्याला किती वेळात भरायचे ते आधी ठरवा.

ऑप्टोकपलरचा टीएलपी२५० वेल्डिंग इन्व्हर्टरच्या सर्किटमधून सर्रास उचलला जातो. २० किलोहर्ट्झच्या आयजीबीटीला तो शोभतो. पण त्याचा विलंब अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंत जाऊ शकतो. १०० किलोहर्ट्झवर तो आवर्तनाचा २०वा भाग झाला. शिवाय मधला बिंदू नॅनोसेकंदाला २०-३० व्होल्टने उडत असेल, तर ५ व्होल्टपर्यंतच हमी देणारा ड्रायव्हर तिथे चालणार नाही. सिलिकॉन कार्बाइडसाठी यूसीसी२१५२०सारखा १०० व्होल्टची हमी देणारा आयसोलेटेड ड्रायव्हर घ्यावा; त्याच्या किमतीबद्दल कुरकुर करू नये.

आता ट्रान्सफॉर्मरची बाजू. बूटस्ट्रॅपचा आयसी लेव्हल सरकवतो, पण मेन्सपासून वेगळे करत नाही. कंट्रोल आउटपुटच्या बाजूला बसला असेल, तर मधली भिंत कुणीतरी उभारावी लागतेच. जुन्या एटीएक्स सप्लायमध्ये टीएल४९४ नेमका त्या बाजूला असतो आणि एक लहानसा ट्रान्सफॉर्मर १३००७च्या जोडीला चालवतो. वेगळी फ्लोटिंग सप्लाय लागत नाही, विलंब नगण्य असतो, आणि एक ट्रान्झिस्टर चालू असताना दुसऱ्याला आपोआप ऋण बायस मिळतो.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कपॅसिटरमार्गे दिलेला १२ व्होल्टचा पल्स ७५ टक्के काळ चालू ठेवला, तर गेटला धन बाजूस फक्त ३ व्होल्ट मिळतात. बक कन्व्हर्टरला हा ट्रान्सफॉर्मर असा थेट लावू नये. पण हाफ-ब्रिज किंवा फेज-शिफ्ट फुल-ब्रिजमध्ये कोणताही ट्रान्झिस्टर निम्म्याहून अधिक काळ चालू नसतो, म्हणजे ही मर्यादा तिथे आडवी येतच नाही. म्हणून कंट्रोल आउटपुटच्या बाजूला आणि ब्रिज सममित असेल, तर मी आधी ट्रान्सफॉर्मरच धरतो. कंट्रोल मेन्सच्याच बाजूला असेल आणि मांडणी आखूड ठेवता येत असेल, तर बूटस्ट्रॅप खुशाल वापरावा.

‘गुंडाळणार कोण?’ हा शेवटचा आक्षेप. १०० किलोहर्ट्झ, १२ व्होल्ट, ३० चौरस मिलिमीटर छेदाची फेराइट रिंग, फ्लक्सचा झोका ०.२ टेस्ला: गणित १० वेढ्यांचे येते. चुंबकन करंट कमी हवा असेल तर १५ घाला. तारा एकत्र पिळून गुंडाळल्या की लीकेज कमी राहतो. पण त्या मेन्सची भिंत ओलांडत असतील, तर साधी इनॅमलची तार चालणार नाही, तिहेरी इन्सुलेशनचीच घ्यावी लागेल.