परळीचा धडा आणि अणूचा मोह

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राचे संच २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली बंद ठेवावे लागले. यंत्रे जागच्या जागी होती, कामगार होते. नव्हते ते पाणी. गोदावरीवरील खडका बंधारा आटला आणि मराठवाड्याचे हे ऊर्जाकेंद्र थंड पडले. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवरील लहान अणुभट्टीबाबत सामंजस्य करार केला. अणूतच ऊर्जेचा तरणोपाय पाहणाऱ्यांनी आधी परळीचा हा धडा गिरवला पाहिजे.

अणुविज्ञानाला सरसकट शिव्याशाप देणे हे पुरोगामित्व नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराच्या साह्याने घडवलेले 'टीएयू-१' हे उडदाचे वाण महाराष्ट्राच्या कोरडवाहू रानात रुजले. कोबाल्टच्या किरणांनी असंख्य कर्करुग्णांवर उपचार झाले. अणुभट्टीतून कोळशाचा धूर निघत नाही की राखेचे डोंगर साचत नाहीत, हेही खरे. राखेचे दुःख परळीच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

परंतु परळीत पाणी संपले तेव्हा बॉयलर विझवता आले. अणुभट्टी तशी विझत नाही. साखळी प्रक्रिया थांबवल्यावरही तिचे इंधन तापतच राहते आणि त्याला पुढे वर्षानुवर्षे थंड ठेवावे लागते. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. त्यानंतर त्सुनामीने वीजपुरवठा आणि शीतकरणाची यंत्रणा निकामी केली व तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरची तहान रेल्वेच्या पाण्याने भागवावी लागली, तेथे ही जोखीम कोणाच्या बळावर घ्यायची?

भट्ट्या समुद्रकाठी उभारू, हे उत्तरही फसवे आहे. समुद्रकाठी माणसेच राहतात. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. जैतापूर प्रकल्पाच्या विरोधात एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार ठार झाला. आणि अपघात घडलाच तर? भोपाळची जखम भळभळत असतानाच २०१० च्या कायद्याने अणुप्रकल्प चालवणाऱ्याच्या भरपाईला १५०० कोटी रुपयांची मर्यादा घातली. नफ्याला सीमा नाही, भरपाईला मात्र आहे!

शांततामय अणू आणि संहारक अणू यांच्यातील भिंतही कागदीच ठरली आहे. कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेल्या सायरस भट्टीतील प्लुटोनियम १९७४ साली पोखरणला स्फोटासाठी वापरले गेले. मे १९९८ मध्ये भारताने पाच अणुचाचण्या केल्या. महिना उलटण्याआधीच पाकिस्ताननेही चाचण्या उरकल्या. बाँबमुळे युद्ध टळते, असे सांगणाऱ्यांना पुढच्याच वर्षी कारगिलने उत्तर दिले. तेथे रक्त सांडले ते दोन्हीकडच्या शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांचेच. अणुबाँबच्या ढालीमागे सुरक्षित कोण राहिले, याचा हिशेब सत्ताधाऱ्यांनी कधीच दिला नाही.

दरसाल कोयता घेऊन परजिल्ह्यातील कारखान्यांवर जाणारा बीडचा ऊसतोड मजूर या चर्चेत कोठेच नसतो. त्याच्या खोपटात दिवा हवा आणि त्याच्या मुलाबाळांना सुरक्षित आयुष्यही हवे. या दोहोंपैकी एकच निवड, असे त्याला सांगणे ही दिशाभूल आहे. विज्ञान गोपनीयतेच्या कडीकुलपात राहिले की ते सत्तेचे हत्यार बनते. लोकांच्या देखरेखीखाली आले की उडदाच्या बियाण्यासारखे रानात उगवते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत तीन प्रश्न मांडले पाहिजेत: पाणी कोणाचे, भरपाई कोण देणार आणि निर्णय कोणी घेतला? या प्रश्नांची उत्तरे मराठीतून, जाहीरपणे आणि लेखी मिळेपर्यंत कोणत्याही भट्टीला संमती नाही, हे सरकारला बजावण्याची वेळ आली आहे.