जयसागरच्या काठी, सगळ्या घराने

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि घरातही एकच चर्चा असते: कुठे जायचे? माथेरान, महाबळेश्वरची नावे निघतात, खर्चाचा हिशेब होतो आणि शेवटी कुणाच्या तरी शादीतच सुट्टी संपते. या वेळी आम्ही जव्हार सुचवतो. उरुसाच्या निमित्ताने आपल्यापैकी कितीतरी घरे तिथे जाऊन आलेली आहेत, पण स्टँडवरून दर्गा आणि दर्ग्यावरून परत स्टँड, एवढेच. गावाबाहेरचे जयसागर बघायचे राहून जाते.

जयसागर म्हणजे जव्हार शहराला पाणी देणारे धरण. दाभोसा धबधबा जास्त नावाजलेला आहे, पण तिथे खाली उतरण्याची वाट दादी-नानींच्या गुडघ्यांसाठी नाही. भूपतगडाला चढ आहे. तरुण मुलांनी ती ठिकाणे खुशाल करावीत. आम्ही लिहितो आहोत ते अम्मी, दादी आणि सहा वर्षांचे पोर एकत्र चालू शकतील अशा फेरीबद्दल. आपल्या घरांत सहलीला निघाले की बायका डबे भरतात, तिथे पोहोचल्यावर चटई अंथरून सामान राखत बसतात आणि पुरुष व मुले हिंडून येतात. ही रीत आम्हांला पटत नाही. सामान कमी न्यावे, म्हणजे राखायला कुणी मागे राहणार नाही. मेथीचे पराठे, उकडलेली अंडी, खजूर, केळी पुरेत. बिर्याणीचे पातेले घरीच राहू द्या.

जाण्याचे दिवस ऑक्टोबर अखेरपासून जानेवारीपर्यंतचे. पावसाळ्यात वाटा निसरड्या आणि धुके दाट; एप्रिल-मेमध्ये ऊन सोसत नाही. एसटीने गेल्यास खर्च बेताचा होतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे सुरू झाले, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना त्याच्या आधीपासून मोफत प्रवास आहे. दादींचे ओळखपत्र तेवढे विसरू नका.

पायांत बूट हवेत, चपला नकोत. बुरखा किंवा अबाया घोट्याच्या वर राहील असा असावा, नाहीतर उतारावर पाय अडकतो. आणि एक गोष्ट, जी कुणी लिहीत नाही: वाटेत सोय नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोके धरून बसतात. चालायला लागण्याआधी जव्हारच्या स्टँडवर सगळ्यांनी उरकून घ्यावे आणि माणशी दीड लिटर पाणी सोबत ठेवावे. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा. पोरे आणि वडीलधारी असली की एका किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जोहर आटोपून निघावे, असर काठावर पढावी आणि मगरिबला गावात असावे. कसरचा मसला प्रत्येकाने आपापल्या मौलानांना आधीच विचारून ठेवावा; घरोघर अंतर वेगळे आणि मसलकही.

वुजूसाठी लोट्यात पाणी घेऊन काठापासून दूर बसावे. ते पाणी गावाच्या नळाला जाते. भांडी धुणे, उष्टे टाकणे तर नकोच.

आता मुख्य गोष्ट. पाण्यात कुणीही उतरायचे नाही, पाय भिजवायलाही नाही. २०२० च्या जुलैमध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. ती मुले जव्हारचीच होती, कुणी बाहेरून आलेली नवखी नव्हती. मग आपण तर पाहुणे. धरणाचा काठ चौपाटीसारखा हळूहळू खोल होत जात नाही. दोन पावलांवर गुडघाभर पाणी आणि तिसऱ्यावर डोक्यावरून, असेही होते. खाली गाळ असतो, त्यात पाय रुततो. बुडणारे मूल सिनेमात दाखवतात तसे ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेव्हा ते श्वास घेते, हाक मारायला सवड नसते. त्यामुळे 'आवाज आला असता' हा भरवसा चुकीचा. आमच्याकडे एका मोठ्या माणसाला पहारा नेमतो. त्याच्या हातात मोबाइल नसतो, ताटही नसते, आणि अर्ध्या तासाने पाळी बदलते. कुणी पडलेच तर मागोमाग उडी टाकू नये. लांब दोर, ओढणी, काठी फेकावी आणि १०८ ला फोन करावा. उपजिल्हा रुग्णालय जव्हारमध्येच आहे. सापाचे निमित्त झाले तरी तिथेच, आधी कुणाच्या झाडपाल्याकडे नाही.

मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी मोखाड्याकडे, खोडाळा-सूर्यमाळच्या बाजूला गाडीने चक्कर मारता येते. तिथली मोठी धरणे मुंबई महापालिकेची आहेत. कोचाळ्याजवळचे मध्य वैतरणा १०२ मीटर उंच. मोडकसागर त्याच नदीवर पुढे. तिथे मनाला येईल तिथे शिरता येत नाही, परवानगी लागते, म्हणून त्यांच्या भरवशावर बेत आखू नये. पण मुलांना एवढे जरूर दाखवावे की मुंबईच्या नळाला येणारे पाणी या डोंगरांतून जाते, आणि याच मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पाण्यावर आलेल्या बायांचे फोटो मात्र काढू नयेत. आपल्या बहिणींचे कुणी असे काढले तर आपल्याला चालेल का?

वाट विचारायला मोबाइलपेक्षा माणूस बरा, रेंज मध्येच जाते. परतीची शेवटची एसटी कधी आहे, हे स्टँडवर उतरल्याउतरल्या विचारून घ्यावे. फळ्यावरची वेळ आणि कंट्रोलर सांगतो ती वेळ निराळी निघाली, तर कंट्रोलरची धरावी.