चेहऱ्याची लाली आणि ऊन
गाल व नाक वारंवार लाल होणे, दाह होणे, बारीक पुटकुळ्या उठणे ही ‘रोझेशिया’ या दीर्घकालीन त्वचाविकाराची लक्षणे होत. सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही; म्हणून हा विकार मुरुम समजला जातो आणि औषधाच्या दुकानातून परस्पर स्टिरॉइडयुक्त मलम आणले जाते. आरंभी चेहरा निवळतो. परंतु पुढे त्वचा पातळ होते आणि मलम थांबताच दाह अधिकच उसळतो. असे मलम चालू असल्यास विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे.

या विकारास चेतवणाऱ्या कारणांत ऊन प्रमुख आहे. दुपारचे ऊन टाळावे. छत्री जवळ बाळगावी. झिंक ऑक्साइड असलेले, सुगंधविरहित, एसपीएफ 30 किंवा अधिक क्षमतेचे सनस्क्रीन लावावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. चेहरा कोमट पाण्याने, न घासता धुवावा. लिंबू, कापूर, मेंथॉल चेहऱ्यास लावू नये. कढत चहा वा तिखटाने लाली वाढत असल्यास तेही आवरावे. विकार समूळ जात नसला, तरी नियमित काळजीने आटोक्यात राहतो.