शालेय शिक्षणात शेती : श्रमाचा तास की विज्ञानाचा?

देशातील शालेय विद्यार्थ्यांना शेतीचे मूलभूत ज्ञान देण्याचा विषय गेल्या काही वर्षांत पुन्हा चर्चेत आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तरविरहित कालावधी सुचविण्यात आला. या काळात सुतारकाम, कुंभारकाम, बागकाम यांसारख्या व्यवसायांची प्रत्यक्ष ओळख व्हावी, अशी अपेक्षा आहे. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी झाशी येथील राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी खेड्यांतील उच्च प्राथमिक शाळांत शेती हा विषय सुरू करण्याची कल्पना मांडली. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सजीवांशी निगडित कामाला व्यवसाय शिक्षणाच्या तीन प्रमुख प्रकारांत स्थान दिले.

या घडामोडींमागील निकड आकडेवारीवरून स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४८ कोटी श्रमिकांपैकी २६ कोटींहून अधिक जण शेतकरी अथवा शेतमजूर होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आढळली. ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरपेक्षाही कमी जमीन होती. एवढ्या लहान तुकड्यावर खताची एक चुकीची मात्रा किंवा अनावश्यक फवारणी वर्षाचा नफा गिळून टाकू शकते.

वर्ध्याचा अनुभव

शेतीला शाळेत आणण्याचा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायावर आधारित शिक्षणाची योजना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला आकार दिला. सूतकताई व सुतारकामाबरोबर शेतीचाही त्यात समावेश होता. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ ही संकल्पना पुढे आणली. तथापि, बहुतांश शाळांत त्या तासिकेचे रूपांतर वही सजविण्यात अथवा मैदान झाडण्यात झाले.

या अपयशाचे एक कारण सामाजिक होते. शेतकरी आईवडील मुलांना शाळेत पाठवीत ते शेतीतून बाहेर पडता यावे म्हणून. शहरातील मुलांच्या हाती प्रयोगनळी आणि खेड्यातील मुलांच्या हाती खुरपे, अशी विभागणी त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. आजही शेती हा केवळ ग्रामीण मुलांचा विषय ठरला, तर तोच आक्षेप पुन्हा उभा राहील.

नेमके काय शिकवावे?

घाम गाळायला शिकविण्यासाठी शाळेची गरज नाही. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला पेरणी, निंदणी परिचित असतेच. शाळेने द्यावयाचे आहे ते या कामांमागील ‘का’. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात, म्हणून कडधान्यानंतर घेतलेल्या पिकाला जमीन अधिक मानवते. सामू बिघडलेल्या जमिनीत खत टाकूनही त्यातील अन्नद्रव्ये पिकाला पुरेशी मिळत नाहीत. हे रसायनशास्त्र व जीवशास्त्रच आहे आणि त्याची शहरी विद्यार्थ्यालाही तितकीच आवश्यकता आहे.

काही ज्ञान तर थेट जिवाशी निगडित आहे. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता दर्शवितो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीदरम्यान विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. घरातील सहावीच्या मुलीला तो त्रिकोण वाचता येणे, ही बाब गुणपत्रिकेतील कोणत्याही गुणांपेक्षा मोलाची आहे.

माती परीक्षणाचा मार्ग

या दृष्टीने केंद्राचा शालेय मृदा आरोग्य कार्यक्रम लक्षणीय ठरतो. प्रारंभी केंद्रीय व नवोदय मिळून २० विद्यालयांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेला हा उपक्रम पुढे सुमारे १,००० शाळांपर्यंत नेण्यात आला. विद्यार्थी शेतांतून मातीचे नमुने आणतात, शाळेतील प्रयोगशाळेत तपासतात आणि मृदा आरोग्य पत्रिका तयार करतात. या पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, बोरॉन आदी १२ घटकांची नोंद असते. येथे मूल मजूर नसून परीक्षक असते. त्याच्या अभ्यासाचा उपयोग शेतकऱ्याला त्याच हंगामात होऊ शकतो.

महाराष्ट्रात पाबळ येथील विज्ञान आश्रमाने हे तत्त्व फार पूर्वी अंगीकारले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या अभ्यासक्रमात शेती व पशुपालन हे अभियांत्रिकी आणि ऊर्जेच्या जोडीने, हाताने काम करीत शिकविले जाते.

हंगाम आणि वेळापत्रक

मात्र एक व्यावहारिक अडचण दुर्लक्षित राहते. पीक शाळेच्या वेळापत्रकानुसार वाढत नाही. पंजाब-हरियाणात गहू नोव्हेंबरच्या सुमारास पेरला जातो आणि एप्रिलमध्ये कापला जातो. तोपर्यंत पेरणी करणारा विद्यार्थी पुढच्या वर्गात गेलेला असतो. महाराष्ट्रात जूनमध्ये पेरलेले सोयाबीन दिवाळीच्या सुटीच्या आसपास काढणीस येते. यावर उपाय अवघड नाही. महिनाभरात तयार होणारी मेथी, साठ-सत्तर दिवसांचा मूग अशी पिके शाळेच्या वाफ्यात एका सत्रात पूर्ण होऊ शकतात. दहा दप्तरविरहित दिवस सलग न घेता पेरणी, वाढ व काढणी या टप्प्यांवर विभागणेही शक्य आहे.

वर्ध्यापासूनची वाटचाल पाहता धोरणांची उणीव कधीच नव्हती. शेतीच्या तासिकेला विज्ञानाचा दर्जा, प्रशिक्षित शिक्षक आणि थोडी जमीन मिळते का, यावर या नव्या प्रयत्नाचे भवितव्य ठरेल. शहरातील शाळेनेही हा विषय तितक्याच गांभीर्याने स्वीकारला, तरच खेड्यातील पालकांना तो मुलांना मागे ठेवणारा वाटणार नाही.